वॉर्ड एक, उत्तरं दोन: बंद मानसोपचार वॉर्डातलं वातावरण पेशंटला कसं दिसतं आणि स्टाफला कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बंद मानसोपचार वॉर्डाच्या नव्या इन-चार्ज सिस्टरनी वॉर्डच्या वातावरणाबद्दल एक छोटी प्रश्नावली पेशंट आणि स्टाफ, दोघांकडून भरून घेतली. स्टाफचं म्हणणं आलं की आम्ही पेशंटना भरपूर आधार देतो, पण इथलं काम धोक्याचं आहे. पेशंटांचं बरोबर उलटं: इथे भीतीचं तसं काही नाही, पण आमच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. वरिष्ठांनी "पेशंटांच्या उत्तरांवर किती विसंबायचं?" असं म्हणून विषय मिटवला. खरं कुणाचं धरायचं, निकाल पेशंटना दाखवायचा का आणि पुढे काय करायचं, असं सिस्टर विचारताहेत.

सिस्टर, बंद वॉर्डांत मी २२ वर्षं नर्सिंग केलं. त्यातली निम्मी वर्षं कोर्टाच्या आदेशाने दाखल झालेल्या पेशंटांच्या वॉर्डात गेली. मी पहिल्यांदा अशी पाहणी केली तेव्हा अगदी हाच निकाल हातात आला होता आणि मीही आधी पेशंटांनाच खोटं पाडलं होतं. माझं आजचं मत असं की दोघंही खरं सांगताहेत, मात्र दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. मधलं जे अंतर आहे तेच तुमच्या पाहणीतून हाती आलेलं सगळ्यांत मोलाचं आहे.

तुमच्या वर्णनावरून ही एसेन्सेस नावाची प्रश्नावली दिसते. जर्मनीतल्या एसेनमध्ये नॉर्बर्ट शालास्ट यांनी ती न्यायवैद्यक मानसोपचार वॉर्डांसाठी, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने दाखल झालेल्या पेशंटांच्या वॉर्डांसाठी, बनवली आणि २००८ पासून इंग्रजी रूपातही ती वापरात आली. एकूण १७ वाक्यं, त्यातली १५ गुणांसाठी. पाच वाक्यं स्टाफकडून मिळणाऱ्या आधाराबद्दल, पाच पेशंटांच्या आपापसातल्या एकोप्याबद्दल आणि पाच सुरक्षिततेबद्दल. त्याआधी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रुडॉल्फ मूस यांची वॉर्ड अ‍ॅटमॉस्फिअर स्केल ही प्रश्नावली चालायची. ती १०० वाक्यांची. औषधांच्या गुंगीतला माणूस चाळिसाव्या वाक्यापर्यंत पोचला तरी पुष्कळ, असा आमचा अनुभव होता. छोटी निवडलीत हे बरंच केलंत.

आता सुरक्षिततेची ती पाच वाक्यं पुन्हा काढून वाचा. इथे आक्रमक पेशंट आहेत का, काही पेशंट दुसऱ्या पेशंटना घाबरतात का, स्टाफला कुणाची भीती वाटते का, अशा धर्तीची आहेत ती. म्हणजे धोका पेशंटकडून येतो हे गृहीतच धरलेलं आहे. स्टाफकडून वाटणारी भीती त्यात कुठे विचारलेली नाही. चार जणांनी धरून इंजेक्शन देण्याची, एकांत खोलीत टाकलं जाण्याची, 'माझ्याबद्दल फाइलमध्ये काय लिहितात कोण जाणे' अशी. पेशंटांनी "सुरक्षित वाटतं" लिहिलं याचा अर्थ त्यांना शेजारच्या खाटेवरच्या माणसाची फार भीती वाटत नाही, एवढाच घ्या. तुरुंगातून किंवा रस्त्यावरून आलेल्या माणसाची तुलनेची फूटपट्टी वेगळी असते, हेही आहेच. त्याला तुमचा वॉर्ड शांत वाटला तर नवल नाही.

स्टाफला मात्र तोच वॉर्ड धोक्याचा का वाटतो? कारण स्टाफ वॉर्ड डोळ्यांनी पाहतो त्याहून जास्त कानांनी पाहतो. हँडओव्हरमध्ये, म्हणजे शिफ्ट बदलताना, काय सांगितलं जातं ते एक दिवस ऐका. कोण चिडला, कुणी ताट फेकलं, कुणावर लक्ष ठेवायचं. वीस पेशंटांपैकी सतरा जणांचा दिवस बरा गेला तर त्या सतरांवर मिळून एक वाक्य: "बाकी सगळे ठीक." उरलेल्या तिघांवर दहा मिनिटं. वर्षानुवर्षं रोज तीनदा हे ऐकणाऱ्याच्या मनात वॉर्डचं जे चित्र तयार होतं ते त्या तिघांचं असतं. पेशंटला ही बातमीपत्रं ऐकू येत नाहीत. त्याला त्याचा कोपरा, त्याचे दोन सोबती आणि टीव्हीचा आवाज एवढंच माहीत.

आधाराच्या प्रश्नात उलटं होतं, आणि तिथला हिशेब मला फार उशिरा समजला. समजा, एका शिफ्टमध्ये तुम्ही बारा पेशंटांशी प्रत्येकी दहा मिनिटं नीट बसून बोललात. घरी जाताना तुमच्या डोक्यात असतं की आज दोन तास मी माणसांना दिले. तुमचं खरंच आहे. पण प्रत्येक पेशंटच्या वाट्याला दहा मिनिटं आली आणि उरलेला दिवस त्याने तुम्हाला नर्सिंग स्टेशनच्या काचेपलीकडे रजिस्टरात डोकं घालून बसलेलं पाहिलं. स्टाफ दिलेलं मोजतो, पेशंट मिळालेलं मोजतो. दोन्ही आकडे बरोबर, आणि त्यांची भेट कधी होत नाही.

त्या काचेबद्दल आणखी थोडं. बंद वॉर्डात पेशंट दिवसभर करतो काय, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, वाट बघतो. दाढीचं रेझर, फोन, चार्जर, बागेत जायचं दार, डॉक्टर, सगळं किल्लीच्या पलीकडे. बाहेर आपण दिवसातून पन्नास छोट्या गोष्टी कुणाला न विचारता करतो. इथे त्या सगळ्या मागाव्या लागतात, त्याही एका छोट्या खिडकीशी उभं राहून. आणि खिडकीतून येणारं सगळ्यांत नेहमीचं उत्तर म्हणजे "पाच मिनिटं थांबा."

माझी एक चूक सांगते. एका पेशंटला बहिणीला फोन करायचा होता. मी "पाच मिनिटं" म्हणाले, तेवढ्यात नवीन पेशंट दाखल झाला, मी त्यात अडकले आणि फोनचं विसरून गेले. मधे तो दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा वेगळ्या माणसाने तेच उत्तर दिलं. जवळजवळ दोन तासांनी त्याने नर्सिंग स्टेशनच्या दाराला लाथ घातली. अलार्म झाला, माणसं धावली, त्याला खोलीत नेलं, आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'कोणतंही कारण नसताना अचानक आक्रमक झाला.' बऱ्याच दिवसांनी, शांत झाल्यावर, तो मला म्हणाला, "सिस्टर, कारण होतं. तुमच्या वहीत नव्हतं." तो फोन बहिणीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा होता. ते मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून 'अचानक' हा शब्द मी रजिस्टरात लिहू दिला नाही. अचानक काही होतच नाही असं मी म्हणत नाही. आजाराच्या भरात, आवाजांच्या हुकमावरून, खरंच कधी काही कळायच्या आत माणूस अंगावर येतो. पण त्या शब्दाखाली आमचेच राहून गेलेले फोन किती लपतात, ते बघायची सवय लागली.

आवाजाबद्दलही बोलायला हवं, कारण प्रश्नावलीत तो नाही. १७९६ साली इंग्लंडमध्ये यॉर्क इथे विल्यम ट्यूक आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी मनोरुग्णांसाठी रिट्रीट नावाचं घर उघडलं. साखळ्या बाजूला ठेवून माणुसकीने वागवायचं, हा त्यांचा आग्रह. पण कुलपं होतीच. त्यांनी दारांच्या बोल्टांवर चामडं चढवलं, की सरकवताना खडखडाट होऊ नये, आणि खिडक्यांच्या लोखंडी चौकटी लाकडी दिसतील अशा करून घेतल्या. कुणी म्हणेल ही फसवणूक झाली, आणि असं म्हणणारेही आहेत. मला मात्र त्या चामड्याचं कौतुक वाटतं. कुलूप लावावं लागत असेल तर लावा, पण ते लावल्याचं दर वेळी ऐकवायची गरज नाही, एवढं त्यांना कळलं होतं. आमच्याकडे एक रात्रपाळीचा ब्रदर किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून धरून चालायचा. दुसरे एक जण तोच जुडगा बोटावर फिरवत यायचे. पेशंट डोळे मिटून सांगायचे आज ड्यूटीवर कोण आहे, आणि त्यावर रात्र कशी जाणार हेही.

इमारतीचा वाटा मोठा असतो, पण तो तुमच्या हातात नसेल. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या ऑस्ट्रा रुग्णालयाची मानसोपचाराची नवी इमारत २००६ मध्ये सुरू झाली. एकेकट्या खोल्या, बागा, भरपूर उजेड, एकटं बसायलाही जागा. जुन्या इमारतीच्या तुलनेत तिथे जबरीचे उपाय, म्हणजे बांधून ठेवणं किंवा जबरदस्तीने इंजेक्शन देणं, कमी लागल्याचं संशोधक रॉजर उलरिच आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. नवी इमारत तुम्हाला कुणी देणार नाही. पण रात्री दाणकन आपटणारं दार, लुकलुकणारी ट्यूब, दिवसभर कुणीच बघत नसलेला टीव्ही, एवढं तरी बदलता येतंच की. दाराला रबर लावायला कुणाची मंजुरी लागते?

आता स्टाफकडे वळते. पेशंटांच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते योग्यच आहे, पण घाबरलेला स्टाफ वॉर्ड उबदार ठेवू शकत नाही. आमच्या पिढीत भीती बोलून दाखवायची पद्धत नव्हती. मार खाल्लेली सिस्टर तीन दिवसांनी हसत ड्यूटीवर यायची, सगळे म्हणायचे, "काय खंबीर आहे!" मग हळूहळू तिचं बोलणं तुटक होत जायचं. खोलीत शिरण्याऐवजी ती उंबऱ्यावरून विचारायची. औषध देताना नजर हातावर, चेहऱ्यावर नाही. तिला स्वतःला हा फरक जाणवायचा नाही. पेशंटांना पहिल्या दिवसापासून जाणवायचा. तुमच्या पाहणीत स्टाफने सुरक्षिततेला कमी गुण दिलेत ना? त्यावर आणखी कॅमेरे आणि आणखी नियम हे उत्तर शोधण्याआधी, गेल्या वर्षात मार खाल्लेल्यांशी नंतर कोण बसून बोललं, ते विचारा. बहुतेक ठिकाणी फॉर्म भरून घेतलेला असतो आणि तेवढंच.

स्टाफच्या आपापसातल्या नात्यांचा पेशंटांवर होणारा परिणाम हा या सगळ्यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. आल्फ्रेड स्टँटन आणि मॉरिस श्वार्ट्झ, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समाजशास्त्रज्ञ, यांनी अमेरिकेतल्या एका खासगी मनोरुग्णालयात निरीक्षण करून १९५४ मध्ये लिहिलं की एखाद्या पेशंटवरून स्टाफमध्ये छुपे मतभेद असतील तर तो पेशंट अधिकाधिक अस्वस्थ होत जातो, आणि मतभेद उघडपणे बोलले गेले की पुष्कळदा ती अस्वस्थता उतरते. मी हे शिकत असताना वाचलं आणि विसरून गेले. मग आमच्या वॉर्डात एक बाई आल्या. सकाळची शिफ्ट म्हणायची, यांना मुद्दाम लक्ष वेधायची सवय आहे, फार जवळ जाऊ नका. संध्याकाळची शिफ्ट म्हणायची, बिचारीने फार सोसलंय. बागेत एकटीने जायची परवानगी सकाळी काढून घेतली जायची, संध्याकाळी परत मिळायची. समोरासमोर कुणी काही बोललं नाही, चहाच्या वेळी मात्र दोन्हीकडून खूप बोललं गेलं. बाई दिवसेंदिवस बिघडत गेल्या, हाताला ओरखडे काढायला लागल्या, आणि दोन्ही शिफ्टना वाटलं की बघा, आमचंच खरं होतं.

शेवटी दोन्ही शिफ्ट एका खोलीत बसवल्या. तासभर चांगलंच वाजलं. एकीने दुसरीला "तुला चांगुलपणाचं व्यसन आहे" असं सुनावलं, दुसरीनेही ठेवून घेतलं नाही. पण उठताना बागेच्या फेरीचा एकच नियम ठरला आणि तो बाईंना दोघींनी मिळून सांगितला. त्या आठवड्यात ओरखडे थांबले. दर वेळी असं होत नाही. पण तेव्हापासून एखादा पेशंट विनाकारण बिघडतोय असं दिसलं की औषधाच्या तक्त्याबरोबर मी ड्यूटीचा तक्ताही बघते.

यालाच जोडून सुरक्षेबद्दल. बंद वॉर्डात सुरक्षेचे तीन थर मानतात: भिंती-कुलपं-अलार्म हा एक, झडती-मोजणी-नियम हा दुसरा, आणि पेशंटला ओळखणं, त्याच्यात काय बदललंय हे लक्षात येणं हा तिसरा. पहिल्या दोघांवर खर्च होतो, तपासणी होते. तिसरा कुठल्याच यादीत दिसत नाही, म्हणून माणसं कमी पडली की आधी तोच जातो. रोज संध्याकाळी पत्ते खेळणारा माणूस आज खोलीतच बसलाय हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्याच्याबरोबर रोज पत्ते खेळणाऱ्या अटेंडंटला कळतं. म्हणून पत्ते खेळणाऱ्या अटेंडंटला "काम सोडून खेळत बसतो" म्हणणाऱ्या सुपरवायझरशी मी बऱ्याचदा भांडले आहे. तो अटेंडंट कामच करत होता.

आणि कुलपाबद्दल एक गैरसमज. जर्मनीतल्या २१ रुग्णालयांच्या १५ वर्षांच्या, पेशंट दाखल झाल्याच्या जवळजवळ १,४६,००० नोंदी तपासणारा अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात आला. दारं उघडी ठेवण्याचं धोरण असलेल्या रुग्णालयांत आत्महत्या किंवा पळून जाणं जास्त आढळलं नाही. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, प्रयोग नाही, आणि कोर्टाच्या आदेशाच्या वॉर्डाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तुमचं दार तुम्ही उघडू शकत नाही हे मला कळतं. पण 'कुलूप आहे म्हणून आपण सुरक्षित' हे वाक्य स्टाफच्या खोलीत किती सहज बोललं जातं, ते बघा.

करायचं काय? इंग्लंडमधले मानसोपचार नर्सिंगचे प्राध्यापक लेन बाउअर्स यांनी सेफवॉर्ड्स नावाची पद्धत उभी केली. तिची इंग्लंडमधल्या १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेच्या वॉर्डांपेक्षा भांडणं-मारामारीसारखे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि जबरीचे उपाय २६ टक्क्यांनी कमी झाले. त्यात दहा साध्या गोष्टी आहेत. दहाच्या दहा एकदम सुरू करू नका. आम्ही केल्या होत्या. भिंतीवर रंगीत तक्ते लागले, महिन्याभरात त्यांच्यावर ड्यूटीच्या नोटिसा चिकटल्या.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोनच घेतल्या. पहिली, वाईट बातमीची तयारी. सुट्टी नामंजूर झाली, भेट रद्द झाली, कोर्टाची तारीख पुढे गेली, तर ते पेशंटला कोण, कुठे, कधी सांगणार हे आधी ठरवायचं आणि सांगून झाल्यावर त्याच्याजवळ बसायचं. रात्री नऊला खिडकीतून सांगून शिफ्ट संपवायची नाही. दुसरी, घरी जाणाऱ्या पेशंटने मागे राहणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहून फळ्यावर लावायच्या. ही मला आधी बालिश वाटली होती. मग एका नव्या पेशंटला मी रात्री अडीच वाजता फळ्यापुढे उभं राहून एकेक चिठ्ठी वाचताना पाहिलं आणि गप्प बसले.

याशिवाय आमची स्वतःची एक गोष्ट: 'पाच मिनिटं' हा शब्द बंद. मागणी आली की खिडकीशेजारच्या वहीत पेशंटसमोर वेळ लिहायची, आणि जमणार नसेल तर "आज नाही, उद्या सकाळी दहाला" असं स्पष्ट सांगायचं. नकाराने माणूस चिडतो, पण लोंबकळत ठेवण्याने जास्त चिडतो. वही ठेवायला पहिले दोन आठवडे सगळ्यांनी कुरकुर केली.

आता तुमच्या वरिष्ठांचा मुद्दा. भ्रम असलेला माणूस रेडिओतून कुणी बोलतंय म्हणेल, पण सकाळी सिस्टरने त्याच्याकडे बघून नाव घेतलं की नाही, हे त्याला नेमकं माहीत असतं. भ्रमाला मर्यादा असते, सगळं जग त्यात बुडत नाही. तरी उत्तरांवर खरोखर शंका घ्यायची असेल तर ती वेगळ्या ठिकाणी घ्या: कागद कुणी वाटले? ज्याच्या हातात किल्ली आहे त्यानेच "आम्ही चांगले आहोत का" विचारलं तर पेशंट काय लिहिणार? तरीही त्यांनी आधाराला कमी गुण दिले असतील, तर खरी परिस्थिती त्याहून वाईट असू शकते. पुढच्या वेळी बाहेरच्या कुणाकडून भरून घ्या. स्टाफमध्येही अटेंडंट आणि सिस्टर असे वेगळे रकाने लहान वॉर्डात करू नका, दोन अटेंडंट असतील तर कुणी काय लिहिलं ते लगेच कळतं. सरासरीवर थांबू नका. सगळ्यांनी मधले गुण दिले आणि निम्म्यांनी फार चांगले, निम्म्यांनी फार वाईट दिले, तरी सरासरी तीच येते. वॉर्ड मात्र दोन वेगळे असतात. आणि वाईट दिलेले निम्मे कोण, नवे आलेले की जुने, हे वॉर्डात उभं राहिलं की बहुतेक कळतं.

शेवटचं: निकाल पेशंटना दाखवायचा का, असं तुम्ही विचारलंय. दाखवा, आणि दोन्ही बाजूंचा दाखवा. आम्ही वॉर्डच्या बैठकीत दोन्ही रकाने फळ्यावर लिहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतला एक पेशंट, जो सहसा बोलत नसे, स्टाफच्या सुरक्षिततेच्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तुम्ही आम्हाला घाबरता?" एका ब्रदरने खरं सांगितलं, "कधी कधी." पेशंटांमध्ये कुजबुज झाली. मग त्याच पेशंटने विचारलं, "कधी?" त्या बैठकीला अर्धा तास ठरला होता, ती दीड तास चालली. जेवणाच्या ट्रॉल्या दारात थांबवून ठेवाव्या लागल्या.